साळूआईच्या नावाचा हेवा

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात रायाजी नावाचा पाटील होता. घरात कशाची ददात नव्हती, पण मनात एक कुसळ सारखं सलत होतं.

गावच्या घाटाला सगळे ‘साळूआईचं तीर्थ’ म्हणत. ही साळूआई कोण, तर जुन्या काळची एक गरीब कोळीण. नदीवर धुकं उतरलं की नावाड्यांना घाट दिसत नसे, आणि जरा खाली गेलं की नुसते खडक. म्हणून ती काठावर उभी राहून हाक देई, “साळूच्या घाटाला याऽ!” त्या हाकेच्या रोखाने नावा सुखरूप लागत. ती गेली, पण गावाने हाक सोडली नाही. पुढे लोक तिथे दिवा लावू लागले, स्नानाला येऊ लागले आणि घाटाचं तीर्थ झालं.

इथेच पाटलाचा जळफळाट होई. दगडी पायऱ्या बांधल्या त्याने, देऊळ उभारलं त्याने, आणि लोक नाव घेणार त्या कोळणीचं! मेलेल्या बाईचा इतका हेवा कुणी केला नसेल. शेवटी त्याने फर्मावलं की आजपासून हे ‘रायतीर्थ’, हाकही याच नावाने द्यायची.

बायको म्हणाली, “अहो, तिच्या नावाने तुमचं काय अडलंय?”

“माझं सगळंच अडलंय,” पाटील फणकारला.

थोड्याच दिवसांत त्याची लेक बाळंतपणाला माहेरी यायला निघाली. तिची नाव नदीच्या मध्यावर आली आणि दाट धुकं पडलं. पाटील स्वतः घाटावर धावला आणि ओरडू लागला, “रायतीर्थाला याऽ!”

नावाडी पलीकडच्या गावचा. त्याने हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. हे दुसरंच गाव दिसतंय असं समजून त्याने नाव आणखी खाली नेली, थेट खडकांकडे. वल्ह्यांचा आवाज लांब जाऊ लागला. पाटलाच्या धाकाने गावकरी तोंड मिटून उभे होते.

ते एक नाव घेताना पाटलाचा जीव नुसता तडफडला. पण लेकीचा जीव त्याहून मोठा होता. “साळूआईच्या घाटाला याऽ!” घसा बसेपर्यंत तो ओरडत राहिला. नाव वळली, काठाला लागली.

लेक उतरली आणि म्हणाली, “आबा, साळूआईनेच आणलं बघा.”

ते ऐकून अजूनही पाटलाच्या पोटात जरा दुखलंच. पण लेकीचा हात धरून तो म्हणाला, “होय गं बाई, तिनेच.”

तात्पर्य एवढंच: नाव हुकमाने बदलता येतं, पण लोकांच्या तोंडी बसतं ते उपकारानेच; आणि दुसऱ्याच्या चांगल्या नावाचा हेवा शेवटी आपल्याच माणसांच्या जिवावर उठतो.