स्वातंत्र्याची उमेदवारी

गुलामगिरी कायद्याने उठली, तसे लंडनहून सर एडमंड जमैकातल्या आपल्या उसाच्या मळ्यावर अवतरले. पेढीचे धनी, वर खासदार. गुलामांच्या घामावरच दोन्ही झालेले! गुलामांना म्हणाले, "स्वतंत्र कसं राहायचं, तुम्हाला काय ठाऊक? सहा वर्षं बिनपगारी उमेदवारी करा. आमच्याकडे बघून शिका."

दुसऱ्या सकाळी मळा ओस. ऊस तोडणारी म्हातारी फिबा सगळ्यांना घेऊन मालकाच्या ओसरीत पाय पसरून बसलेली.

"हे काय चाललंय?" सर गरजले.

"तुमच्याकडे बघून शिकतोय, मालक. सोपं आहे हो, एका सकाळीत आलं!"

"आणि ऊस कोण तोडणार?"

फिबाने कोयता पुढे केला. "तुम्ही. पण हे अवघड. सहा वर्षं लागतील, बिनपगारी!"

ओसरी खदाखदा हसली. सरांनी कोयत्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि मुकाट सगळ्यांना मजुरी द्यायचं कबूल केलं.