आइसलँडची सहल आणि तात्यासाहेबांचा सत्कार

शाळेचे अध्यक्ष तात्यासाहेब वाठारकर यांची एक सही झाली, की नववीची मुलं आइसलँडला निघणार होती. खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलला होता. धुमसता ज्वालामुखी आणि त्याच्या अंगावरची हिमनदी मुलांना दाखवायची, हा बेत भूगोल शिकवणाऱ्या शाल्मली केंजळेने वर्षभर खपून आखला होता. सहीसाठी आजचाच दिवस उरला होता.

तात्यासाहेबांनी कागद न वाचताच बाजूला सारला.

“अहो बाई, डोंगर बघायला विमानात कशाला बसायचं? वर्गात पडदा लावा, फिल्म दाखवा. धूर दिसतो, बर्फ दिसतो, आणि मुलं जेवायला घरी! डोंगर काय आणि फिल्म काय, एकच.”

बैठकीला जमलेली शाळेची कार्यकारिणी नेहमीप्रमाणे हसली. शाल्मलीने ओठांवर आलेलं भांडण गिळलं.

“पटलं, तात्यासाहेब,” ती म्हणाली. “मग रविवारी तुमच्या पंचाहत्तरीच्या सत्कारालाही येण्याची तसदी घेऊ नका. ऑफिसात तुमचा मोठा फोटो आहे. तोच खुर्चीवर ठेवू, हार घालू, पुढे उदबत्ती लावू. तुम्ही काय आणि फोटो काय, एकच.”

हसणं थांबलं. तात्यासाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“फोटोला हार? अहो, मी जिवंत आहे अजून!”

“तो डोंगरही जिवंत आहे, तात्यासाहेब. मुलांना त्याला समक्ष भेटू द्या.”

तात्यासाहेबांनी कागद पुढे ओढला. सही करता करता ते पुटपुटले, “रविवारी मी स्वतः येतोय. उदबत्त्या आणू नका.”