हत्तीच्या उसावरचा शिक्का

पूर्वी वेत्रपूर नगरात राजा दृढसेनाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नाव सुनीथ. त्या राज्यात जुना रिवाज असा, की ओल्या मातीवर अमात्याच्या मुद्रेचा ठसा उठल्याशिवाय राजवाड्यातले पानही हलायचे नाही. माती ज्याची त्याने आणायची, शिक्का अमात्याने मारायचा. हत्तीला ऊस द्यायचा, शिक्का. राणीच्या झोपाळ्याची दोरी बदलायची, शिक्का. पोपटाला पेरू की डाळिंब, यावर तर दोन शिक्के.

तीस वर्षे हे चालले. सुनीथाचा अंगठा बधिर झाला होता, नखांतली माती जेवतानाही निघत नसे. सकाळी दाराशी रांग दिसली, की कालचीच रांग पुन्हा उठून आली असे त्याला वाटे. एका गोष्टीचा मात्र त्याला अभिमान होता. त्याच्या दारी वशिला चालत नसे. जो आधी आला त्याचे काम आधी.

एके दिवशी दुपार कलताना उत्पला नावाची म्हातारी पुढे आली. नगराच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते आणि त्याच्या बांधाची राखण तिच्या घराण्याकडे होती. तिने मातीचा गोळा समोर ठेवला. सुनीथाने मुद्रा दाबली, तसा गोळा भसकन फुटला.

"बाई, ही कसली माती आणलीस? निम्मी वाळूच आहे. उद्या चांगली घेऊन ये."

"बांधाचीच आहे, बाबा," ती म्हणाली. "चांगली उरली असती तर मी कशाला आले असते? तीन दिवस उभी आहे. माझ्यापुढे तो पोपट होता."

सुनीथाने ती माती बोटांत चुरून पाहिली आणि तो उठला. रांगेतल्या माहुताला म्हणाला, "तुझ्या हत्तीचं तू बघ." माळ्याला आणि आचाऱ्यालाही तेच सांगितले.

हे कानावर आल्यावर राजा दुखावला. "मुद्रेशिवाय हत्ती काय खाईल?"

"ऊसच खाईल, महाराज. तीस वर्षांत मी त्याला दुसरं काही दिलेलं नाही."

"आणि यांच्या हातून चुका झाल्या तर?"

"होतील. माझ्या चुकीपेक्षा लहान असतील. तळं फुटायच्या आत मला माणसं द्या."

राजाने माणसे दिली. त्यांच्यासाठी शिक्का मागायचेही तो विसरला, इतका घाबरला होता.

सात दिवस सुनीथ चिखलात उभा होता. आठव्या दिवशी पाऊस कोसळला, तळे काठोकाठ भरले, पण बांध टिकला. खालच्या नगराला काही कळलेही नाही. तो परतला तेव्हा दाराशी रांग नव्हती. वाड्यात सगळे सुरळीत होते आणि त्याची आठवण कुणालाच झाली नव्हती. याचे त्याला जरा वाईट वाटले. मग कितीतरी वर्षांनी तो दुपारचा आडवा झाला.

ही कथा भगवंतांनी विहारातल्या एका भिक्षूला सांगितली. आजाऱ्यांना औषध नेऊन देणे त्याच्याकडे होते, पण प्रत्येक झाडू आपल्याच हातून दिला जावा म्हणून तो दिवसभर कोठीपुढे बसून असे. भगवंत म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा राजा तूच. अमात्य मी होतो. आणि उत्पला म्हणजे पलीकडच्या खोलीतला तो आजारी स्थविर. सकाळपासून औषधासाठी तुझी वाट पाहत पडला आहे. कोणते काम हातचे सोडावे हे ओळखणे, याला प्रज्ञापारमिता म्हणतात. आता ऊठ."