करंजाची मुळं आणि सदऱ्याची बाही

एका गावात एक करंजाचं झाड होतं आणि त्या झाडाच्या बुंध्याला एक खिळा होता. त्या खिळ्याला पुंजाजी न्हावी रोज सकाळी आपला आरसा अडकवायचा. समोर एक लाकडी खुर्ची, वर सावली. एवढंच त्याचं दुकान. त्याच्या बापानंही जन्मभर तिथंच हजामती केल्या होत्या.

झाडाशेजारी नागोराव पेंडवाल्यानं पक्कं घर बांधलं. काही वर्षं सुखाची गेली. मग न्हाणीतलं पाणी तुंबायला लागलं. पुढं पुढं तर संडासाचं पाणीही उलटं वर यायचं. त्याची बायको यमुना नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, घर बांधलंत की डबकं?"

नागोरावानं पाइपात बांबू घालून पाहिला. टोकाला केसांसारखी बारीक मुळं अडकून आली. ती हातात धरून तो तडक करंजाखाली गेला.

"पुंजाजी, हे बघ. तुझं झाड माझ्या घरात शिरलंय."

"तुझ्या घराच्या आधीपासून उभं आहे रे ते."

"म्हणून काय माझ्या पाइपात बिऱ्हाड करणार?"

शब्दानं शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. नागोराव आता घरीच दाढी करायचा. हनुवटीवर कापल्याच्या खुणाच खुणा. यमुना म्हणायची, "न्हाव्याशी भांडलात की मांजराशी?"

शेवटी पुंजाजीच निरोप न धाडता दारात आला. म्हणाला, "खणून बघ. माझ्या झाडानं तुझा पाइप फोडला असेल, तर मीच ते तोडतो. माझा शब्द."

नागोरावानं खणलं. भाजक्या मातीचे जुने पाइप लागले. एकाच्या तोंडातून मुळांचा जुडगा निघाला, ओल्या वेणीसारखा जाड. पुंजाजीनं वाकून तो पाहिला. मग तो झाडाखाली गेला. आरसा खिळ्यावरून काढला, टॉवेलात गुंडाळला, खुर्चीवर ठेवला आणि कुऱ्हाड आणायला गेला.

खड्ड्यात नागोराव एकटाच राहिला. हातानं माती बाजूला करून बघतो, तर पाइप कुठंच फुटलेला नाही. दोन पाइपांच्या सांध्याला मात्र सिमेंटच नव्हतं. नुसती एक चिंधी गुंडाळलेली. त्यानं ती ओढून काढली. ती सदऱ्याची बाही होती. बटण अजून जागेवर होतं.

मग त्याला सगळं आठवलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सिमेंट संपलं होतं. गवंडी म्हणाला होता, "उद्यापर्यंत थांबा." पण उद्या तर जेवणावळ! नागोरावानं अंगातल्या जुन्या सदऱ्याची बाही टरकावली, सांध्याला गुंडाळली आणि वर माती लोटली. त्या सांध्यातून पाणी झिरपत राहिलं. मूळ बिचारं ओलीकडं आलं.

गवंडी गाव सोडून कधीच गेला होता. दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नागोरावानं इकडं तिकडं पाहिलं आणि बाही खिशात घातली.

वर कुऱ्हाडीचा घाव बसला. झाड हललं. करंजाची दोन-चार पानं खड्ड्यात, त्याच्या खांद्यावर येऊन पडली.

"थांब पुंजाजी!" तो ओरडत वर आला. "झाडावर घाव घालू नकोस. त्याला दार मीच उघडं ठेवलं होतं." आणि त्यानं ती बाही पुढं धरली.

पुंजाजीनं बाही उलटीसुलटी करून बघितली. बटणावरची माती अंगठ्यानं पुसली. म्हणाला, "सदरा ओळखीचा आहे. याच्या कॉलरवरचे केस मी कितीदा झटकलेत." मग खुर्चीकडं बोट दाखवलं. "बस आता. ती हनुवटी बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी मुळं साफ केली, सांधा सिमेंटनं पक्का भरला. आरसा पुन्हा खिळ्यावर चढला. त्याच्या खाली कुऱ्हाडीचा एक घाव तेवढा राहिला. दाढी करताना नागोरावाला तो रोज समोर दिसायचा.

तात्पर्य: घाईत आपण सोडलेली फट आपल्याला आठवत नाही, तिच्यातून आत आलेला मात्र डोळ्यांवर येतो. दुसऱ्यावर कुऱ्हाड पडण्याआधी आपला सांधा तपासावा, आणि चूक हाताला लागली तर ती खिशात घालू नये.