खाडीच्या मध्यावर बंद पडणारी मोटार

फार वर्षं झाली या गोष्टीला. एका रुंद खाडीच्या दोन काठांवर दोन गावं होती. मध्ये पूल नव्हता, म्हणून माणसं होडीनं ये-जा करायची. ती होडी चालवायचा गुणाजी तांडेल. मेहनती माणूस. कुणी म्हातारं माणूस धक्क्यावर उशिरा पोचलं, तर त्याच्यासाठी होडी थांबवून ठेवणारा. त्याची एकच खोड होती. काही बिनसलं की दोष द्यायला त्याच्या तोंडी आधी दुसऱ्या कुणाचं तरी नाव यायचं.

गुणाजीच्या होडीला मागच्या बाजूला एक जुनी मोटार लावलेली होती. वडलांच्या वेळची. रंग उडालेला, दोरी ओढून चालू करायची. शेजारी पेट्रोलची पत्र्याची टाकी, आणि टाकीतून मोटारीकडे गेलेली रबरी नळी. दर पावसाळ्यानंतर गुणाजी ही मोटार दाऊद मिस्त्रींकडे न्यायचा. दाऊदभाई सत्तरीला आलेले. धक्क्यामागच्या शेडमध्ये ते एकटे काम करत. दोन्ही गावांतले पाण्याचे पंप, भाताच्या गिरणीचं इंजिन, होड्यांच्या मोटारी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं.

त्या वर्षीही दाऊदभाईंनी मोटार उघडली, साफ केली, जोडली. देताना म्हणाले, "गुणाजी, पेट्रोलमध्ये पाणी होतं. टाकीत पाणी जाऊ देऊ नको."

"नाही जाऊ देणार," गुणाजी म्हणाला.

आणि त्याच आठवड्यापासून मोटार त्रास देऊ लागली. धक्क्यावर एका ओढीत चालू व्हायची. छान आवाज करायची. पण खाडीच्या मध्यावर पोचली की आवाज बसायचा, मोटार आचके द्यायची आणि बंद पडायची. गुणाजी दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचा. मग केव्हातरी ती पुन्हा चालू व्हायची. असं रोज.

चौथ्या दिवशी भर धक्क्यावर, वीस माणसांसमोर, गुणाजी बोलून गेला, "मोटार चांगली होती. मिस्त्रीनं उघडली आणि बिघडवली. म्हातारपणी हात चालत नाहीत, तर काम घेऊ नये माणसानं."

ते बोलणं दाऊदभाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते काठी टेकत धक्क्यावर आले. रागावले नव्हते.

"गुणाजी, मला एकदा होडीत बसू दे," ते म्हणाले. "चालताना बघतो काय होतं ते."

"तुम्ही आता हात लावू नका तिला," गुणाजी म्हणाला, आणि त्यानं होडी सोडली.

दाऊदभाई शेडमध्ये परत गेले.

दोन्ही गावांत सगळे गुणाजीच्या होडीतून जायचे, त्यामुळे गुणाजीचं बोलणंही होडीतून दोन्ही काठांना पोचलं. गिरणीवाल्यानं इंजिनाचं काम दुसऱ्या गावच्या मिस्त्रीला दिलं. पंपवाले येईनासे झाले. दाऊदभाई सकाळी शेड उघडत, हत्यारं पुसून मांडून ठेवत आणि दुपारपर्यंत नुसते बसून राहत. माणसाला रिकामं बसवणं ही किती मोठी शिक्षा आहे, ते ज्याचे हात आयुष्यभर चालले त्यालाच कळतं.

इकडे गुणाजीनं मोटार सोडवली आणि शहरातल्या कारखान्यात नेली. तिथल्या माणसांनी नवे प्लग घातले, कार्बोरेटर धुतला. मोटार पाण्याच्या पिंपात उभी करून, कारखान्यातल्याच टाकीवर जोडून चालवून दाखवली. अर्धा तास एकसारखी चालली. गुणाजी खूश होऊन परत आला. दुसऱ्या दिवशी खाडीच्या मध्यावर मोटार बंद पडली.

मग आला बाजाराचा दिवस. होडीत नऊ माणसं होती, टोपल्या होत्या, एका बाईच्या मांडीवर दोन महिन्यांचं मूल होतं. ओहोटी जोरात लागली होती. मध्यावर मोटारीनं आचके दिले आणि ती थांबली. ओहोटीच्या ओढीनं होडी आडवी झाली आणि समुद्राच्या दिशेनं जाऊ लागली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, तिथे लाटा फुटत होत्या. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

गुणाजीनं एक वल्हं घेतलं. दुसरं वल्हं येसूबायनं उचललं. येसूबाय म्हणजे मासे विकणारी, गुणाजीच्या आईच्या वयाची. दोघांनी जीव खाऊन वल्ही मारली, पण होडी मागेच सरकत होती. पेट्रोल तरी आहे की नाही, म्हणून गुणाजीनं टाकीचं झाकण उघडून पाहिलं. अर्धी टाकी भरलेली होती. त्यानं झाकण लावलं, दोरी ओढली, आणि मोटार चालू झाली. लाटांपासून चार होड्यांच्या अंतरावरून ते मागे फिरले.

होडी पैलतीराला लागली. मूल घेतलेली बाई उतरली आणि वाळूतच बसून राहिली.

येसूबायनं टोपली डोक्यावर घेतली. "मोटार बरी होईपर्यंत मी तुझ्या होडीत बसणार नाही, गुणाजी," ती म्हणाली. "आणि एक सांग. दाऊदभाई स्वतः बघायला आला होता, त्याला का बसू दिलं नाहीस?"

ओहोटीचा जोर ओसरल्यावर गुणाजीनं होडी वल्ह्यांनी रिकामी परत आणली आणि तो सरळ शेडपाशी गेला. दारातच उभा राहिला. आत जायचं धाडस होईना.

दाऊदभाईंनी वर पाहिलं. होडी वाहत चालल्याचं त्यांनी धक्क्यावरून पाहिलं होतं. "माणसं सुखरूप आहेत ना?" त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

"आहेत," गुणाजी म्हणाला. "दाऊदभाई, तुम्ही येऊन बघाल का?"

दाऊदभाईंनी हत्यारांची पेटी घेतलीसुद्धा नाही. ते होडीत मोटारीशेजारी बसले आणि म्हणाले, "ओहोटी संपली की नेहमीसारखी चालव."

पाणी शांत झाल्यावर होडी निघाली. दाऊदभाई एका हातानं नळी धरून बसले होते. नळीच्या मध्ये पेट्रोल चढवण्यासाठी लिंबाएवढा रबरी फुगा होता, त्यावर त्यांचा अंगठा होता. मध्यावर आवाज बसला, मोटार थांबली.

"फुगा चपटा झालाय," दाऊदभाई म्हणाले. "टाकीतून पेट्रोल येत नाही. आता सांग, बंद पडल्यावर तू काय काय करतोस?"

"दोरी ओढतो. मग पेट्रोल बघतो. मग परत ओढतो."

"बघायला झाकण उघडतोस. उघड आता."

गुणाजीनं झाकण फिरवलं. टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. तो आवाज त्यानं पूर्वीही ऐकला होता, पण कधी लक्ष दिलं नव्हतं.

दाऊदभाईंनी झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. झाकणाच्या मधोमध सुईनं पाडल्यासारखं एक भोक होतं, आणि ते डांबरानं बुजवलेलं होतं.

"पेट्रोल जितकं खाली जातं, तितकी हवा वरून आत यावी लागते," ते म्हणाले. "भोक बंद झालं की थोडा वेळ मोटार चालते, मग टाकी पेट्रोल सोडत नाही. हे डांबर कुणी लावलं?"

"मीच," गुणाजी म्हणाला. "तुम्ही सांगितलं, टाकीत पाणी जाऊ देऊ नको. वाटलं, तिथूनच जात असेल."

त्याला वाटलं, आता म्हातारा चार शब्द सुनावणार, आणि ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. पण दाऊदभाई खिशातली दाभण काढून डांबर खरवडू लागले.

"मग थोडं माझंही चुकलं," ते म्हणाले. "पाणी जाऊ देऊ नको म्हटलं, कसं ते सांगितलं नाही. पावसात टाकीवर नुसतं मेणकापड टाकायचं. ओढ दोरी."

मोटार चालू झाली आणि पैलतीर लागेपर्यंत एकदाही अडखळली नाही.

त्यानंतर महिनाभर गुणाजीनं प्रत्येक फेरीला, होडी सोडण्याआधी, उभं राहून सांगितलं, "मोटार मिस्त्रीनं बिघडवली नव्हती. मी बिघडवली होती." काही जण हसले, काहींनी मान हलवली. गिरणीवाल्याकडे तो स्वतः चालत गेला, आणि इंजिन दाऊदभाईंकडे परत आलं. हळूहळू पंपही आले. पण पैलगावचे मासेमारी करणारे दोन मोठे होडीवाले पुन्हा कधी आले नाहीत. गुणाजी त्यांच्या दारी तीनदा जाऊन आला, तरी त्यांच्या मनातून ते पहिलं बोलणं गेलं नाही. दाऊदभाईंनी शेड कायमची बंद केली, तोवर ते आलेच नाहीत.

म्हणून लहानथोरांनो, कुणाचं नाव घेण्याआधी बिघाड कुठे आहे ते शांतपणे पाहावं. यंत्र एका दिवसात सुधारतं, माणसाचं गेलेलं नाव पूर्ण परत येईलच असं नाही.