दारूच्या पिंपांवरचं चित्र

गलबतावर चढवलेल्या पिंपांवर दिवाणजींनी मोठ्या अक्षरांत 'दारू' असं लिहवून घेतलं आणि तिथेच घोळ झाला. आत होती बंदुकीची दारू. खलाशांना वाटली ती प्यायची. ते लोटे घेऊन धावले आणि आत किती आहे ते दिसावं म्हणून एकाने मशाल जवळ नेली. सगळ्यांनी वेळेवर पाण्यात उड्या मारल्या म्हणून वाचले, पण गलबताचं शीड उडालं ते थेट माडाच्या शेंड्यावर जाऊन बसलं.

शिंपले बंदराचे राजे रणधुमाळराव भयंकर चिडले. अक्षरं पुसा आणि चित्र काढा, असा त्यांनी हुकूम सोडला. दिवाणजींनी नव्या पिंपांवर ज्वाळा काढून घेतल्या. हमालांना वाटलं, इथे चूल पेटवायची सोय केली आहे. एकजण तांदूळ धुऊन पातेलं घेऊन आलासुद्धा!

आता राजांनी आवडूला बोलावलं. ती होड्या रंगवायची. राजे म्हणाले, "उद्या दुपारी गलबत सुटेल. त्याआधी या पिंपांवर असं काहीतरी काढ, की अडाणी हमाल असो की परदेशी खलाशी, बघताक्षणी जपून वागला पाहिजे. नाही जमलं, तर पिंपावर बसून तूच प्रवासाला जायचंस."

आवडू पिंपांभोवती फिरू लागली. मगर काढावी, तर बंदरावरच्या कुणी ती पाहिलेली नव्हती. भूत काढावं, तर हमाल पिंपाला हातच लावणार नाहीत. बराच वेळ ती डोकं धरून बसली. मग एकदम तिला हसू फुटलं आणि तिने रंगाचे डबे उघडले.

दुसऱ्या दिवशी राजे धक्क्यावर आले आणि बघतच राहिले. हमाल पिंपं तान्ह्या बाळासारखी उचलत होते. चिलमी विझल्या होत्या. परदेशी खलाशी कमरेत वाकून बाजूला होत होते. एकाला शिंक आली, तर तो नाक दाबून पार वाळूवर पळाला.

राजे खूश होऊन पिंपाजवळ गेले. पिंपावर त्यांचंच तोंड होतं! मिशा ताठ, डोळे वटारलेले.

"हे काय आहे?" राजे गुरगुरले.

आवडूने हात जोडले. "महाराज, हा माल जरा धक्का लागला की भडकतो, उन्हात तापतो आणि एकदा फुटला की कुणाचं ऐकत नाही. हे सगळं बघताक्षणी कळावं, असं बंदरात दुसरं तोंड कुठाय?"

राजांचा चेहरा लालबुंद झाला. तसा अख्खा धक्का चार पावलं मागे सरला. ते पाहून राजांना असं हसू आलं की पोट धरून ते खालीच बसले. त्यांनी हातातलं कडं काढून आवडूला दिलं आणि बंदरातल्या सगळ्या मालावर चित्रं काढायचं काम तिच्याकडे सोपवलं.

मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आता चुन्याची पिंपं आहेत. पाणी लागलं की चुना उकळतो. त्यांवर कुणाला काढशील?"

आवडूने हळूच राजांमागे उभ्या दरबारी मंडळींकडे नजर वळवली. दिवाणजींसकट सगळ्यांनी झटकन उपरणी तोंडावर ओढली, आणि राजे पुन्हा हसत सुटले.