काळा खडा

फार जुन्या एका उन्हाळ्यात रानात एकच डोह उरला होता, आणि त्यात मगर आहे की गेली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काटेरी साळू, भेकर, ससा आणि खार या चौघांपैकी आधी पाण्यावर कोण जाणार हे ठरवायला साळूने वडाच्या ढोलीत तीन पांढरे खडे आणि एक काळा टाकला. काळा येईल त्याने जायचं. काढलेला खडा परत टाकायचा नाही.

"मी शेवटी काढतो," ससा घाईने म्हणाला. तोवर काळा कुणीतरी नेलाच असेल, असं त्याला वाटलं.

साळूला पांढरा आला. भेकरालाही पांढरा. सशाचा अंदाज चुकत चालला. सुरुवातीला भीती चौघांत सारखी होती. जो सुटे, तो आपला वाटा मागच्यांवर टाकून जाई. आता दोघंच उरले, ससा आणि त्याची जिवाभावाची खार.

खारीने ढोलीत हात घातला. खडा काळा निघाला.

"सुटलो!" ससा टुणकन उडाला.

खार त्याच्याकडे बघत राहिली. "ससोबा, मी हात घातला तेव्हा तुझे ओठ हलत होते. काय मागत होतास रे?"

उत्तराची वाट न बघता ती गेली. थोड्या वेळाने डोहावरून तिची हाक आली, "या रे, मगर नाही!"

सगळे धावले. ससा मात्र कोरड्या घशाने वडाखालीच बसून राहिला.